मिरची, दालचिनी, जायफळ घातलेला काळा स्टाउट: जळगावात चाखलेल्या बाटलीबद्दल

तापीकाठ (जळगाव)

मिरची, दालचिनी, जायफळ, व्हॅनिला, कोको आणि कॉफी, एवढं सगळं एकाच बिअरमध्ये. बाटलीवरची यादी वाचून कोणालाही वाटेल की नुसता भपका आहे. मला ती बिअर मनापासून आवडली आणि का आवडली ते नीट लिहावंसं वाटलं, म्हणून हा धागा.

नाव 'शोकोवेझा'. कॅलिफोर्नियातल्या स्टोन ब्रुइंगची. २०१४ साली त्यांनी घरी बिअर बनवणाऱ्यांची स्पर्धा घेतली, त्यात जिंकलेल्या कृतीवरून ती निघाली. कल्पना मेक्सिकोतल्या मसालेदार गरम चॉकलेटची. अल्कोहोल ८.१ टक्के. पाया मिल्क स्टाउटचा. स्टाउट म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, आणि मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज, घातलेली असते. बिअरच्या यीस्टला लॅक्टोज पचत नाही. बाकीच्या साखरेचं अल्कोहोल होतं, ही मात्र तशीच मागे राहते आणि बिअरला दाटपणा आणि हलका गोडवा देते. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं.

भाचा सुट्टीवर आला तेव्हा त्याने आणली. आपल्याकडे बिअर म्हणजे मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि त्यावर बर्फासारखी गार बाटली. ही त्या कामाची बिअर नाहीच. थंडीत, जेवणानंतर किंवा जेवणासोबत, छोट्या ग्लासात घेऊन बसायची.

फ्रीजमधून काढल्या काढल्या थोडी ओतून पाहिली. रंग काळा, ग्लास दिव्यासमोर धरला तर कडेला किंचित तांबूस. फेस गडद तपकिरी, पण लवकर बसला. कोकोत स्निग्धांश असतो आणि फेसाला तो मानवत नाही, त्यामुळे अशा बिअरमध्ये फेस टिकला नाही म्हणून नाराज होऊ नये. गार असताना वास फक्त दालचिनीचा आणि मागे थोडा कोकोचा. घोट घेतला तर कडवटपणा पुढे, बाकी सगळं बंद. इथेच थांबलो असतो तर 'दालचिनीची बिअर' एवढंच मत झालं असतं.

ग्लास हातात धरून ठेवला आणि दहा-पंधरा मिनिटांत ती उलगडत गेली. आधी कॉफी वर आली, तीसुद्धा ताज्या दळलेल्या बियांसारखी. मग व्हॅनिला, अगदी मागच्या बाजूला. आणि मग जायफळ. इथे मी थबकलो, कारण जायफळ घातलेली कॉफी ही आपल्या घरातली चव आहे. कॅलिफोर्नियातल्या माणसाने मेक्सिकोचं चॉकलेट डोळ्यांसमोर ठेवून केलेली बिअर पहिल्याच ओळखीत पाहुण्यांसाठी केलेल्या घरच्या कॉफीजवळ जाऊन बसली. जायफळ माझ्या मते थोडं जास्त झालंय, शेवटच्या घोटांत ते बाकीच्यांना बोलू देत नाही. पण जोडी मात्र पक्की आहे.

आता मिरचीबद्दल. ती पासिया नावाची मेक्सिकन मिरची, चिलाका मिरची वाळवली की तिला हे नाव मिळतं. वाळल्यावर जवळजवळ काळी दिसते, तिखट बेताची, आणि वासाला मनुका-बेदाण्याच्या जवळ. जिभेवर ती कळतच नाही. घोट गिळून झाल्यावर घशात खाली एक ऊब राहते, एवढंच. तिखटपणासाठी मिरची घातलेली नाही, तिच्या वाळलेल्या, गडद फळाच्या चवीसाठी घातली आहे. मला सगळ्यात जास्त पटलं ते हेच. स्टाउटचा जीव भाजलेल्या धान्यात असतो. कोको भाजलेला, कॉफी भाजलेली, मिरची वाळून गडद झालेली. हे सगळे एकाच घराण्यातले. म्हणून ते बिअरच्या आत मुरतात. हिरवी मिरची किंवा आंब्याचा रस यात घातला असता तर तो वेगळाच पडला असता.

ताकदीचा हिशोबही सांगतो, कारण छोटी बाटली बघून लोक फसतात. ३५५ मिलीला ८.१ टक्के म्हणजे साधारण २९ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये ते २६ मिलीच्या आत असतं. म्हणजे ही एक बाटली एका लार्जपेक्षा थोडी जास्तच. गोडव्यामुळे ते जाणवत नाही. आम्ही एकच बाटली तिघांत घेतली आणि तेवढी पुरली.

सोबत भरीत होतं. बामणोदकडची हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली, शेंगदाणे आणि कांद्याच्या पातीसकट, आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. धुराचा वास असलेलं वांगं आणि ही बिअर यांचं इतकं जमेल असं वाटलं नव्हतं. भाकरीतल्या उडदाचा खमंगपणा तर थेट बिअरमधल्या माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, जाऊन भिडला.

तुमच्यापैकी कोणी अशा मसाला, फळं, फुलं घातलेल्या काळ्या बिअर चाखल्या असतील तर लिहा. कोणती जमली, कोणती फसली, आणि का?

---

कळणाभाकरी

दादा, मस्त लिहिलंय. मी मूळची चोपड्याची, आता पुण्यात. २००९ साली पुण्यात डूलालीने मायक्रोब्रुअरी (जागीच ताजी बिअर बनवणारं छोटं ठिकाण) काढली, ती देशातल्या सुरुवातीच्यांपैकी एक, त्यानंतर इथे बरंच काही मिळायला लागलं. कॉफी घातलेला स्टाउट मी इथे वेगवेगळ्या ठिकाणी प्यायले आहे आणि माझा अनुभव असा की कॉफी कशी घातली यावर सगळं अवलंबून असतं. उकळत्या बिअरमध्ये कॉफी टाकली की ती करपट आणि आंबट होते. गार पाण्यात रात्रभर भिजवून तो अर्क शेवटी मिसळला की वास शाबूत राहतो.

तुम्ही भरितासोबत घेतली हे वाचून थोडं आश्चर्य वाटलं, कारण भरितात हिरवी मिरची चांगलीच असते. तिखट अंगावर आलं नाही का?

---

तापीकाठ

ताई, भरीत मुद्दाम बेताच्या मिरचीचं केलं होतं, लहान मुलंही जेवायला होती. तिखटाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं.

कॉफीबद्दलचं अगदी बरोबर. व्हॅनिलाचंही तसंच, शेंगा चिरून आंबवण झाल्यानंतर बिअरमध्ये ठेवतात, उकळीत नाही. दालचिनी मात्र काही जण उकळीच्या अगदी शेवटी घालतात.

---

सरळसोट

मला हे पटत नाही आणि ते स्पष्ट सांगतो. बिअर म्हणजे पाणी, माल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट. भाजलेलं माल्ट चांगलं असेल तर चॉकलेट आणि कॉफी दोन्हींचा वास आपोआप येतो. श्रीलंकेचा लायन स्टाउट घ्या. ८.८ टक्के, त्यात ना कोको ना कॉफी, आणि तरी ग्लासमधून डार्क चॉकलेटचा दरवळ येतो. ते कसब आहे. धान्य किती भाजायचं, कुठे थांबायचं, हे ज्याला कळतं त्याला मसाल्याच्या डब्याची गरज पडत नाही. दालचिनी-व्हॅनिला घातली की बिअर कशी झाली आहे हे कोणालाच कळत नाही, आणि कच्च्या कामाला ते सोयीचं असतं. मी अशा स्टाउट प्यायलो आहे ज्या पिताना केकचा तुकडा चघळल्यासारखं वाटलं. लोक त्याला नावीन्य म्हणतात, मला ती त्या पेयाची हानी वाटते.

---

तापीकाठ

सरळसोट, लायन स्टाउटबद्दल तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत. काळ्या माल्टची करामत मोठी आहे. १८१७ साली डॅनियल व्हीलरने लंडनमध्ये धान्य ढोलात फिरवून, न जाळता काळं भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि तिथून पोर्टर (जिच्यातून पुढे स्टाउट आला ती गडद बिअर) आणि स्टाउटचा चेहराच बदलला. एकूण धान्याच्या थोड्याशा टक्क्यांत काळा रंग आणि ती कडवट-खमंग चव येऊ लागली. त्याआधीची पोर्टर तपकिरी होती.

पण चार घटकांचा आग्रह बिअरच्या सगळ्या इतिहासाला लागू होत नाही. बव्हेरियाचा १५१६ चा नियम फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी म्हणतो, त्यात यीस्टचं नावही नाही, कारण तेव्हा ते काय असतं हे कोणाला माहीत नव्हतं. हॉप्सचा प्रसार होण्याआधी युरोपात रानातल्या वनस्पतींचं मिश्रण घालून बिअर करत. बेल्जियमची गव्हाची पांढरी बिअर धने आणि संत्र्याच्या सालीवर उभी आहे. हूगार्डन गावातली ती परंपरा बंद पडली होती, पियर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. धन्यांमुळे ती बिअर कमअस्सल झाली असं कोणी म्हणत नाही, कारण गव्हाच्या हलक्या आंबूस चवीला धने धरून असतात.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: घातलेला पदार्थ मनातल्या मनात काढून टाकायचा आणि विचारायचं, खाली उभी राहील अशी बिअर उरते का? शोकोवेझातून दालचिनी-जायफळ काढलं तरी एक बरा, कडवट शेवट असलेला मिल्क स्टाउट उरेल. तुम्ही म्हणता त्या केकसारख्या बिअरमधून नारळ-व्हॅनिला काढलं तर फक्त साखरपाणी उरतं. तसली मीही चाखली आहे, ग्लास पुरा करवला नाही. आपला राग एकाच गोष्टीवर आहे असं मला वाटतं.

---

सरळसोट

कसोटी मान्य. मात्र मी अजूनही म्हणेन की नवख्या माणसाने आधी साधा स्टाउट प्यावा. गिनेसचा ४.२ टक्क्यांचा हलका कोरडा स्टाउट किंवा लायन. भाजलेल्या धान्याची चव ओळखीची झाली की मग मसाल्याची बाटली उघडावी. नाहीतर मसाला कुठे संपतो आणि बिअर कुठे सुरू होते हे कळणारच नाही.

---

तापीकाठ

हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. पूर्ण सहमत.

---

पांझरा

भाऊ, वाचीसन तोंडले पानी उनं! पन एक सांगा, शेवभाजीसंगे चाली का हाई?

---

तापीकाठ

नही भाऊ! शेवभाजीची तर्री आणि ८ टक्क्यांचा स्टाउट एकत्र आले की जिभेला फक्त जाळ कळेल, बिअरचं काहीच कळणार नाही. शेवभाजीला हलकी गार लागर बरी. याच्यासोबत धुरकट किंवा गोड लागतं. खापरावरचा मांडा, आत पुरण, वर तूप, हे एकदा करून पाहायचं आहे. पुरणातलं जायफळ आणि बिअरमधलं जायफळ एकमेकांना सांभाळून घेतील असं वाटतं.

---

पथारी (नंदुरबार)

मिरचीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात मिरचीचा व्यापार आहे, लहानपण पथारीवर गेलं. नंदुरबारच्या बाहेर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: हंगामात ओली लाल मिरची बाजार समितीतून येते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर पसरून उन्हात वाळवतात, त्या जागेला पथारी म्हणतात. दूरवर लाल सडा दिसतो. बायका बसून देठ खुडतात, दिवसभर, नाकातोंडाला फडकं बांधून. तरी संध्याकाळी हात चुरचुरतात. हे काम केलेल्या माणसाला मिरचीत तिखटाशिवाय काय काय असतं हे कळतं.

तापीकाठ यांनी जे लिहिलं की मिरची तिखटासाठी नाही, फळाच्या चवीसाठी घातली आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटलं. मिरचीचं तिखट मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत असतं, बी तिला चिकटलेलं असतं म्हणून बी तिखट लागतं. चव आणि रंग सालीत. म्हणजे बिअरवाल्याने शिरा आणि बी काढून फक्त साल वापरली तर ऊब थोडी आणि चव भरपूर मिळेल. आणि तिखट ज्याने येतं ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलात आणि तेलात विरघळतं. म्हणून ८ टक्क्यांच्या बिअरमध्ये मिरची जास्त दिवस ठेवली की तिखट वाढत जाणार. वेळेवर बाहेर काढणं हेच कौशल्य.

आपल्याकडच्या मिरचीने असं काही करायचं झालं तर झणझणीत वाण अजिबात नको. ब्याडगीसारखी सुरकुतलेली, गडद, कमी तिखट मिरची त्या पासियाच्या जवळ जाईल. आमच्या भागातली मिरची वापरायची तर झाडावरच पूर्ण पिकून गडद झालेली निवडून घ्यावी लागेल, आणि पथारीवर असताना पाऊस न लागलेली. अवकाळीने भिजलेल्या मिरचीला जो कुबट वास येतो तो भाजून, दळून जात नाही. बिअरमध्येही जाणार नाही. त्या पावसाने व्यापाऱ्याचं आणि शेतकऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगत नाही.

आणखी एक. मिरची मुळात मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांसोबत आपल्याकडे आली. तिकडे कोकोच्या पेयात मिरची घालण्याची रीत स्पॅनिश लोक पोचण्याच्या कितीतरी आधीची. त्या बाटलीत जी जोडी आहे ती कोणाच्या डोक्यातून काल निघालेली नाही.

---

कळणाभाकरी

पथारीभाऊ, ही माहिती कुठेच वाचली नव्हती. शिरा काढून फक्त साल वापरायची, हे इथल्या एका ब्रुअरला नक्की सांगणार. त्यांनी गेल्या वर्षी मिरचीचा स्टाउट केला होता आणि दोन घोटांनंतर घसा धरत होता. आता कारण कळलं.

---

भुसावळ यार्ड

मी नोकरीनिमित्त काही काळ लागोसला होतो. तिथली गिनेस आयर्लंडच्या गिनेसपेक्षा पार वेगळी आहे. ७.५ टक्क्यांची, जड, गोडसर आणि मागून आंबूस. तिथल्या लोकांना ती त्यांची स्वतःची बिअर वाटते, आयर्लंडची नाही. त्याचं कारण आपल्या खान्देशी माणसाला लगेच समजेल: त्या बिअरमध्ये ज्वारी असते. नायजेरियाने १९८८ साली बार्लीच्या आयातीवर बंदी घातली. बिअर कंपन्यांना स्थानिक धान्याकडे वळावं लागलं आणि ज्वारी-मका यांच्यावर स्टाउट बनू लागला. काळा रंग आणि भाजल्याची चव वेगळ्या अर्काने येते. पुढे बंदी उठली तरी ज्वारी राहिली.

ज्वारीत बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे माल्टचा रस गाळताना अडचण येते, आणि तिचा स्टार्च मोकळा व्हायला जास्त तापमान लागतं. पण अडचणी सोडवून एका देशाने ते करून दाखवलं. आपल्याकडे दादर नावाची ज्वारी आहे, तिची चव गोडसर. कळण्याच्या भाकरीसोबत स्टाउट जमला असं वाचलं तेव्हा मला वाटलं की ते धान्य ग्लासातही उतरायला हवं. कॉफी-दालचिनीपेक्षा मला हा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात वेगळेपण पायातच असेल.

---

तापीकाठ

यार्डभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून झोप उडाली. दादरचा स्टाउट! हे कोणीतरी करायला हवं. पायाच वेगळा असेल तर मसाल्याची गरज कमी पडेल, सरळसोट यांनाही मान्य होईल.

---

सरळसोट

मला तर आनंदच होईल. धान्य बदला, हवं ते घ्या.

---

अस्तंबा (धडगाव)

सगळे कॉफी-कोकोवर बोलत आहेत, मोहाचं नाव कोणी काढलं नाही म्हणून लिहितोय.

फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली गेलात तर जमिनीवर फिकट पिवळ्या फुलांचा थर असतो. ती फुलं रात्री गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन जातात. वाळली की तपकिरी होतात, आकसतात, आणि चवीला मनुकेच्या जवळ, पण त्यात रानाचा एक उग्र वास असतो. लोकांना मोह म्हणजे दारू एवढंच माहीत. आमच्याकडे ती फुलं भाजून खातात, पिठात मिसळून भाकरी करतात, दुष्काळात त्यांनी माणसं जगवली आहेत. आणि मोहाची दारू काढली तर आधी देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडतात, मग पितात. कोणी मोह बिअरमध्ये घालणार असेल तर हे माहीत असावं आणि फुलं वेचणाऱ्याला योग्य भाव मिळावा, एवढीच माझी इच्छा.

चवीचं म्हणाल तर गडद स्टाउटला मोह जमेल असं मला मनापासून वाटतं. पण फुलात साखर खूप असते आणि ती यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं. आंबवणाच्या सुरुवातीलाच फुलं टाकली तर गोडवा जाईल, अल्कोहोल वाढेल आणि वासही बराचसा उडेल. फुलं तव्यावर कोरडी भाजून, आंबवण संपत आल्यावर घातली तर तो मनुकेचा आणि भाजल्याचा वास राहील. भाजताना आच मंद हवी, साखरेमुळे फूल पटकन करपतं. आणि फुलातलं पुंकेसर आधी झटकून घ्यायचं, नाहीतर घशाला खवखव लागते. आमच्या घरी खायची फुलंही तशीच साफ करतात.

---

पथारी (नंदुरबार)

अस्तंबा दादा, मोह आणि सुकी गडद मिरची, दोन्ही मनुकेच्या वासाचे. दोन्ही आपल्या जिल्ह्यातले. याहून सांगण्यासारखं काय असेल!

---

चाळीसगावचा

हे सगळं वाचून घरीच करून पाहावंसं वाटतंय. बार्लीचं माल्ट ऑनलाइन मिळतं, यीस्टही मिळतं. कोणी सविस्तर कृती देईल का?

---

भुसावळ यार्ड

भाऊ, अमेरिकेत ते चालतं, शोकोवेझाची कृतीच एका घरगुती स्पर्धेतून आली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य बनवता येत नाही. त्यामुळे इथे कृती देऊ नये असं मला वाटतं. शिकायची खरीच आवड असेल तर परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत जा. बरेच ब्रुअर आनंदाने दाखवतात. माल्ट चावून पाहा, काळं, तपकिरी, फिकट असं वेगवेगळं. निम्मं शिक्षण तिथेच होतं.

आणि बाटली घेऊन सुरतच्या दिशेने ताप्ती लाइनने जाणार असाल तर ध्यानात ठेवा. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावर चार पावलं पुढे गेलात की दारूबंदीचं राज्य.

---

अमळनेरकर

मी पीत नाही आणि हा धागा अस्वस्थ मनाने वाचला. माहिती चांगली आहे, भाषा चांगली आहे, ते कबूल करतो. पण आमच्या तालुक्यात दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी जवळून पाहिली आहेत. बायकांनी मतदान करून आडवी बाटली केली तेव्हा कुठे काही गावांत दुकानं बंद झाली. अशा ठिकाणी दारूच्या चवीचं इतकं कौतुक वाचलं की मनाला लागतं. चवीने पिणारे थोडे असतात, आणि त्यांचं पाहून बाकीचे सुरू करतात.

---

तापीकाठ

काका, तुमचं लिहिणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही पाहिलं आहे ते खरं आहे, त्यावर वाद घालणार नाही. आडवी बाटली करणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे आणि माझ्या गावात असं मतदान झालं तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. मी अल्कोहोलचा हिशोब मुद्दाम लिहिला तो याचसाठी, की वाचणाऱ्याला छोट्या बाटलीत किती आहे ते कळावं. जो पीत नाही त्याने हे वाचून सुरू करावं असं मला मुळीच वाटत नाही. जो पितो त्याने कमी प्यावं, सावकाश प्यावं, जेवणासोबत प्यावं, एवढं मात्र वाटतं. तुम्ही लिहिलंत ते धाग्यात राहणं गरजेचं आहे.

---

अमळनेरकर

उत्तराबद्दल आभार. मोहाची भाकरी मात्र एकदा खाऊन पाहायची आहे. धडगावचे दादा, चैत्रात येऊ का?

---

अस्तंबा (धडगाव)

काका, जरूर या. पहाटे वेचायला चला, भाकरी घरी. मुक्कामीच या.

---

कळणाभाकरी

दादा, तापमानाचं जरा नीट सांगाल का? परदेशी लेखांत असल्या बिअर खोलीच्या तापमानाला प्या असं लिहितात.

---

तापीकाठ

ती त्यांची खोली, ताई. जळगावात मे महिन्यात खोलीत ठेवलेली बिअर कोमट काढा होईल. १० ते १३ अंश धरा. थंडीत फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली की पुरे, उन्हाळ्यात आठ-दहा मिनिटं. ग्लास वर निमुळता असेल तर वास साठतो. तसा नसेल तर साधा लहान पेलाही चालेल, फक्त अर्धाच भरायचा, म्हणजे नाक आत जातं. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नका. आणि गोड मुखवास, पान वगैरे आधी खाल्लं असेल तर चूळ भरून थोडा वेळ जाऊ द्या.

---

चाळीसगावचा

एक शेवटचं. मोठ्या भावाने दिलेली कॉफी-मिरचीच्या इम्पीरियल स्टाउटची (जास्त अल्कोहोलच्या जड स्टाउटची) बाटली आमच्याकडे माळ्यावर आहे, दोन उन्हाळे झाले. जड बिअर जितकी जुनी तितकी चांगली असं ऐकलंय. आणखी ठेवू का?

---

तापीकाठ

ठेवू नका, आता उघडा. इम्पीरियल स्टाउट टिकतात हे खरं. अठराव्या शतकात लंडनच्या थ्रेल यांच्या अँकर ब्रुअरीतून हा प्रकार रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारी जायचा, आणि जास्त अल्कोहोल व हॉप्समुळे तो मुरत मुरत चांगला व्हायचा. पण ते थंड तळघरात. आपल्या माळ्यावर उन्हाळ्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. उष्णतेने बिअर लवकर शिळी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. शिवाय घातलेले पदार्थ सारखे टिकत नाहीत. सगळ्यात आधी कॉफीचा ताजेपणा जातो, मिरचीची ऊबही हळूहळू उतरते, व्हॅनिला बऱ्यापैकी राहते.

बाटली दोन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. मग सावकाश ओता, शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. आधी वास घ्या. पुठ्ठा किंवा सोया सॉससारखा वास फार पुढे असेल तर ओतून द्या, मन मारून पिऊ नका. मनुका, खजूर, गूळ असा वास आला तर नशीब चांगलं. भरितासोबत घ्या आणि इथे लिहा.